सारवलेली जमीन

सन साठच्या एप्रिलात पोलादपूरच्या वेशीबाहेर आमचं उत्खनन चालू होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या घराची जमीन उघडी पडली आणि दुसऱ्याच सकाळी ती कोणीतरी शेणानं सारवून ठेवली.

मी मजूर साळूबाईवर खेकसलो, "अक्कल गहाण टाकलीस का? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"मी नाय सारवली," तीही उसळली. "सारवणारी मागं मागं सरकत दारातनं भाईर पडते. ही कुठं गेली बघा की!"

बोटांचे ओले फराटे खड्ड्याच्या न खणलेल्या बाजूकडे सरकत गेले होते. शेवटचा फराटा अर्धा बाहेर होता, अर्धा त्या मातीच्या आत.

संतापून मी कुदळ उचलली आणि तिथंच घाव घातला.

आतून बाई खेकसली, "पाय ठेवू नको, ओलं हाय अजून!"