मेथी आणि झोंबी

मध्यंतराआधीच कुमुदच्या नवऱ्यानं मान खाली घातली. पडद्यावर झोंबी लंगडत होते, मागच्या रांगेतली पोरं खिदळत होती, आणि सिनेमा त्याच्या लाडक्या दिग्दर्शकाचा होता.

कुमुद त्या दिग्दर्शकाचा सिनेमा थिएटरात पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना सोडून तिला कुठं जाता यायचं नाही. नवरा एकटा जायचा आणि आल्यावर ओट्याला टेकून अख्खा सिनेमा तिला सांगायचा. दारं करकरायची, वारा घोंघावायचा, सगळं त्याच्याच तोंडून. मेथी निवडत ती ऐकत बसायची. तेवढंच काय ते तिचं सुख. यंदा सासूबाई गेल्या, आणि तो मोठ्या हौसेनं तिला घेऊन आला होता.

घरी आल्यावर तिनं मेथीची जुडी सोडली.

"सांगा की."

"अगं, आत्ताच पाहिलास ना?"

"तरी सांगा. तुमचा वेगळा असतो."

तो खुलला. ओट्याला टेकला. "तर एक ओसाड स्टेशन असतं. सगळीकडे दाट धुकं. आणि त्या धुक्यातून हळूच एक हात..."

"धुकं कुठं होतं?" तिच्या तोंडून निसटलं.

तो थांबला. "हो, नव्हतंच," म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

कुमुदनं जीभ चावली. "अहो, होतं! थोडंसं होतं!" ती आतून ओरडली.

बाहेर टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.