टॉवरवरची वाफ

"अहो, आजही टॉवरवर वाफ का नाही?" गच्चीवरून खाली येत मी विचारलं.

आमचे हे बुटाच्या नाड्या बांधत होते. "असेल की. उन्हात दिसत नाही," म्हणाले, खाली मान घालूनच.

ऊन? अजून समोरच्या घराच्या गच्चीवरसुद्धा ऊन पोचलं नव्हतं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा कंपनीच्या कूलिंग टॉवरमधून निघणारे पांढरे लोट बघितले की मी वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे. विषारी धूर असणार आणि हा माणूस लपवतोय, असंच वाटायचं. तेव्हा ह्यांनीच बशीतल्या चहावर फुंकर मारून समजावलं होतं, "हे बघ, असंच. मशिनी थंड करून तापलेलं पाणी टॉवरमध्ये वरून पाडायचं, त्यातून वारा खेळवायचा. थोडं वाफ होऊन उडतं, बाकीचं निवतं. कंपनी चालू, तोवर वाफ चालू. थंडीत तर पार हायवेवरून दिसते."

आता ह्यांच्या बशीतल्या चहाची वाफ खिडकीपर्यंत जात होती. टॉवर मात्र आठवडाभर कोरडा. तरी हे रोज डबा घेऊन निघायचे. धुवायला पडलेल्या युनिफॉर्मला ना ग्रीसचा डाग, ना घामाचा वास. पँटला नुसती गवताची कुसळं.

मी डब्यासोबत स्वेटर पुढे केला.

"हा कशाला? प्लँटमध्ये उकडतं."

"प्लँटमध्ये उकडतं हो. माळावर नाही."

हे वाकून नाड्या सोडायला लागले.