हवेतल्या विजेचे दिवे

पन्नाशी आली तरी थोरला लेक विठोजी तांब्याची तार गुंडाळत बसायचा, याचा अनसूयाबाईंना संताप यायचा. गावाची वीज आता हवेतूनच यायची. विठोजीचं तारेचं वेटोळं ती वीज ओढून घेऊन चिमुकले दिवे पेटवायचं. पण दिवे लागले की नवऱ्याला, आबांना, धाप लागते, हे बाई त्याला सांगून थकल्या होत्या. आबांच्या छातीतलं यंत्रही त्याच विजेवर चालायचं.

“काहीतरीच तुझं, आई,” म्हणत विठोजीनं आज वेढे वाढवले. दिवे लखलखले आणि सुपारी कातरणारे आबा छाती धरून वाकले.

बाईंनी त्यांच्या हातातला अडकित्ता ओढून तारच तोडली. कितीतरी वेळ आबांचा श्वास येईना. मग आला.

बाई लेकाकडे वळल्या. “मेल्या, बापाचा जीव जाळून उजेड पाडतोस? माझ्या घरात अंधार चालेल, तू नाही.”