आईचं घर: एकवीस

राउनो आला होता तो आईच्या घराचा वॉल्व बंद करायला. परवा तिला पुरलं, आता रिकामं घर तापवत ठेवण्यात काय हशील? पाना घेऊन तो पलंगामागच्या नळापाशी पोचायला गुडघ्यांवर बसला, आणि त्याला पलंगाखाली ती दिसली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, नीट रचून ठेवलेली बर्चची लाकडं. पाच-सहाच होती.

म्हातारीने लाकडं लपवून ठेवली होती. पोटच्या पोरापासून!

अंगणापलीकडच्या बॉयलरमधून जमिनीखालून नळ निघायचे. मोठ्या घराला, गोठ्याला, कामाच्या शेडला आणि शेवटी आईच्या या दोन खोल्यांना. एकच जाळ आणि चार छपरं गरम. येईल त्याला राउनो हौसेने दाखवायचा. आईच्या चुलीसाठी रचलेली सगळी लाकडं त्याने यंत्रात घालून त्यांच्या ढलप्या केल्या होत्या, बॉयलर ढलप्याच खायचा.

"नुसत्या कॉफीपुरती पेटवते रे," आई म्हणाली होती.

"मग बॉयलर काय शोभेला बसवलाय? बस की आता आरामात. किती वर्षं राख उपसणार?"

धुराड्याची झडप त्याने स्वतः बंद केली होती.

राउनोने पाना बाजूला ठेवला. लाकडं उचलून स्वयंपाकघरात आणली, झडप उघडली, बर्चची साल चुलीत सारून काडी ओढली. आधी धूर खोलीतच भरला. मग धुराड्याने ओढ घेतली आणि जाळ घुमायला लागला. खिशातला फोन थरथरला. चारही छपरांखालची ऊब अंशांत त्या फोनवर दिसायची. आईचं घर: बावीस.

त्याने फोन उपडा ठेवला. जेवताना त्याची बायको मेर्वी विचारायची, "आज सासूबाईंकडे डोकावलास का रे?" आणि हा फोन बघून म्हणायचा, "एकवीस!" दोघंही हसायची. आई पडली त्या दिवशी गोठ्यात गाय विताना अडली होती. सकाळी एकवीस होतं, रात्रीही एकवीसच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, तेव्हा आई इथेच, चुलीपुढे फरशीवर पडलेली होती. घर मात्र छान उबदार होतं. "सकाळीच कुणी आलं असतं तर..." डॉक्टरने पुढचं गिळून टाकलं.

दार धाडकन उघडलं. लेंपीमावशी! आईची धाकटी बहीण, तळ्याच्या पलीकडच्या काठावर एकटी राहणारी. डोक्यावरचा रुमाल कानावर आलेला, कोटाखाली घरातला झगा. गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडी रेटत आली होती आणि धापा टाकत होती.

"धूर दिसला," ती म्हणाली.

चुलीपुढे राउनोला बघून ती थबकली. मग बाकावर मटकन बसली.

"मीच तिच्या कबरीवर माती टाकली ना परवा? सगळं कळतं मला. पण धूर दिसला आणि पाय निघालेच बघ."

"मावशी, कॉफी ठेवू?"

"ठेव. याच चुलीवर ठेव."

त्याने किटली चढवली. मावशी जाळाकडे बघत राहिली.

"आइलीला, तुझ्या आईला, फोनवर ऐकू येत नव्हतं. आमचं बोलणं ते एवढंच. सकाळी तिचा धूर निघाला की मी माझी चूल पेटवायची. तिला कळायचं मी आहे, मला कळायचं ती आहे. तू ते बॉयलरचं काढलंस, आणि इथला धूर बंद झाला. पहिले काही दिवस छातीत धस्स व्हायचं रे. मग सवय झाली. मेली सवय!"

"मला हे कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? तू किती खूश होतास. आइली म्हणाली, पोराने एवढं हौसेने केलंय, आता त्याच्यावर पाणी नको ओतूया." मावशीने नाक पुसलं. "त्या दिवशीही मी खिडकीतच होते, राउनो. सकाळपासून इकडेच तोंड करून विणत बसले होते."

किटली उकळून उतू गेली तरी राउनोला कळलं नाही. मावशीनेच उठून ती उतरवली, दोघांच्या कपांत कॉफी ओतली.

"माफ कर मला," तो शेवटी म्हणाला.

"माझी कसली माफी मागतोस? पी."

कॉफी संपल्यावर तिने रुमाल घट्ट बांधला. दारात क्षणभर थांबली.

"आता माझा धूर कोण बघणार, तेवढं सांग."

"मी बघेन, मावशी. रोज सकाळी, दूध काढायच्या आधी बघेन."

"नुसतं बघून कसं चालेल? आधी इकडून निघायला हवा. नेहमी इकडूनच आधी निघायचा."

ती गेली. बर्फावरून ठिपक्याएवढी होईपर्यंत तो खिडकीतून बघत राहिला. मधोमध ती थांबली, मागे वळून छपराकडे बघितलं आणि पुढे निघाली.

चूल मंदावली होती. एकच लाकूड उरलं होतं. ते जाळात सारायला राउनोने उचललं. बाहेर कोठारात ढलप्यांचा डोंगर पडला होता, पण त्यात चुलीत घालण्याजोगं एकही सबंध लाकूड नव्हतं.

त्याने ते लाकूड पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि उद्यासाठी पलंगाखाली ठेवलं, आईने ठेवलं होतं तिथेच.