तिसरा पंप

पायऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी, घरं त्रेचाळीस, नळही त्रेचाळीस. पंप तीन. त्यातल्या तिसऱ्या पंपावरून गेले पाच महिने भांडण.

आकडेबाईनं चढताना पायऱ्या पुन्हा मोजल्या. हे नाव तिला मुकादमानं पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं आणि ते आता साइटवर सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

"भरल्या का बरोबर?" आधीच वर पोचलेल्या मुकादमानं विचारलं. "एखादी कमी झाली असली तर सांगा. नकाशा बदलायला लागेल."

"तुम्ही बांधल्या असत्या तर रोज मोजल्या असत्या," ती धापा टाकत म्हणाली.

टेकडीवरचं सगळ्यात उंच घर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं. त्यांच्या अंगणातल्या नळावर गेज बसवलं होतं. सकाळी सगळे नळ उघडे असताना या गेजवर किमान बारा मीटर दाब दिसला पाहिजे, म्हणजे नळाला उभी नळी लावली तर पाणी तितकं वर चढलं पाहिजे, एवढी एकच अट पाणीखात्यानं घातली होती. ती कशी पाळायची ते कंपनीनं ठरवायचं. नकाशा काढणारी आणि चर खणणारा, दोघं एकाच कंत्राटात, एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, समोरासमोरच्या टेबलांवर. पूर्वी काम फसलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा व्हायचा. आता ती सोय उरली नव्हती. त्यामुळे भांडणं बोट दाखवण्याआधीच व्हायची.

तिचा हिशेब सांगत होता, तीन पंप. मुकादमाचा अनुभव सांगत होता, दोन पुरे. शेवटी कंपनीच्या मालकीणबाईंनी निवाडा केला होता, "तिन्ही बसवा. चाचणी मात्र दोनांवर घ्या. बारा मीटर आले तर तिसरा परत जाईल, आणि पुढच्या कामाचा हिशेब मुकादम म्हणेल तसा होईल. नाही आले तर आकडेबाईच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही."

पुढचं काम म्हणजे अख्ख्या शहराचं होतं. तिला रात्री नीट झोप लागली नव्हती.

"पंपवाल्याला सांगितलंय ना सगळं?" तिनं विचारलं.

"सातच्या ठोक्याला दोन चालू. मी सांगेपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही."

पाणीखात्याचे साहेब वही उघडून काकूंच्या खुर्चीत बसले होते. "गेल्या अकरा वर्षांत इथे चार मीटरच्या वर काटा गेलेला नाही," ते म्हणाले. "मी स्वतः चार वेळा पाहून गेलोय."

"आणि चारही वेळा माझा चहा पिऊन गेलाय," काकू म्हणाल्या. "बादली भरेपर्यंत माझं एक ब्लाउज शिवून व्हायचं, साहेब. काजं-बटणांसकट."

जोडकामासाठी दोन दिवस टेकडीचं पाणी बंद होतं. नवी लाइन जुनीला जोडताना मुकादमाच्या माणसांना डांबराखाली एक जुना व्हॉल्व्ह सापडला होता, कुठल्याच नकाशात नसलेला, पाऊण बंद अवस्थेत गंजून बसलेला. मुकादमानं तेलपाणी करून तो पूर्ण उघडला आणि दिवसभर तिला चिडवलं, "तुमच्या कागदात नव्हता, माझ्या पहारीला लागला!" तिनं तो गुपचूप नकाशावर चढवला होता.

पावणेसातला पलीकडच्या, याहून उंच टेकडीवरच्या टाकीतून पाणी सोडलं. नळ फुसफुसू लागले. सात वाजले. काटा हलला.

तीन. पाच. आठ.

खालच्या गल्ल्यांतून ओरडा ऐकू येऊ लागला. कुणाची तरी बादली सांडली, कुणीतरी भिजलं, कुणीतरी भिजलेल्याला हसलं.

"नऊ," साहेब म्हणाले. "अकरा."

ती गेजवर वाकली. काटा बाराच्या रेघेवर क्षणभर थरथरला आणि सरळ पुढे गेला.

"दोनांत!" मुकादमानं टोपी हवेत उडवली. "बाई, दोनांत! कुठं गेला तुमचा तिसरा?" त्याच्या खिशातला फोन वाजत होता. त्यानं न बघताच तो बंद केला. "अभिनंदनं नंतर!"

काकूंनी गेजखालच्या तोटीला बादली लावली. आकडेबाईनं सवयीनं घड्याळ लावलं. एकोणीस सेकंद. काकू बादलीकडे बघतच राहिल्या, मग खुदकन हसल्या. "आता ब्लाउज कधी शिवू गं मी?"

तिलाही हसू आलं. हिशेब चुकला होता, पण काकूंचं तोंड बघून चुकल्याचं वाईटही धड वाटेना. तिनं हात पुढे केला. "हरले, मुकादम. पुढचा हिशेब तुमचा."

"अहो, पंप मांडले तुम्हीच की," मुकादम एकदम मऊ झाला. "आमचं आपलं एक कमी म्हणायचं काम." फोन पुन्हा वाजला, त्यानं पुन्हा बंद केला. तो तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं नाव पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "पंपवाला! ऐका सगळे, खरा मान याचा." त्यानं स्पीकर लावला. "बोल रे, वाघा!"

"मुकादम, उचला की फोन! साडेसहापासून पंपहाउसच्या कुलपासमोर उभा आहे मी. किल्ली तुमच्याकडे आहे की बाईंकडे?"

साहेबांनी गेजवर नाक टेकवून आकडा दोनदा वाचला आणि वहीत लिहिलं: चालू पंप शून्य. दाब साडेसोळा मीटर.