पडद्याच्या दांडीतली अँटेना

विमानांवर अँटेना बसवण्यात प्रमिलाताईंची हयात गेली होती. घरात रेडिओ ठेवायला बंदी आली, तेव्हा त्यांनी बारीक तारेची अँटेना निवडून पडद्याच्या दांडीत लपवली. वैमानिक लेक शाल्मली विमानातून रोज त्या रेडिओवर त्यांच्याशी बोलायची.

“कुठे बसवलीस गं आई? दिसत नाही ना कुणाला?” तिनं एकदा विचारलं. ताईंनी कौतुकानं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झडतीला आलेल्या पथकानं कपाटाला हातही लावला नाही. ते सरळ दांडीकडे वळलं.

तेवढ्यात रेडिओवर शाल्मली म्हणाली, “आई, प्रत्येक वैमानिकाला रेडिओ लपवलेलं एक घर पकडून द्यावं लागतं. नाहीतर विमान काढून घेतात.”

“मला सांगितलं असतंस, तर मीच दांडी काढून दिली असती,” म्हणत ताईंनी रेडिओ बंद केला.