शेवटचा थर

निरमाया लिम्बूने संगणकावर नगरपालिकेच्या नकाशाचे एकावर एक बावीस थर काढले होते, पण सगळे तात्पुरते. संगणक बंद केला की गेले! म्हणून पंधरा दिवस तिने तो बंदच केला नव्हता. दशैंच्या सणालाही त्याच्यापाशीच बसून राहिली.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या डिल्लीरामने थर आपोआप जतन करणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. "सगळे थर एका फाइलीत जातील, दिदी. खुशाल बंद करा."

पडद्यावर बावीस वेळा 'जतन झाले' उमटलं. तिने संगणक बंद केला.

सकाळी मेयरसाहेबांसमोर फाइल उघडली, तर आत एकच थर. प्रत्येक नव्या थराने आधीचा पुसून टाकला होता. रस्ते गेले, शाळा गेल्या, झरे गेले. उरले चौदा लाल ठिपके, तिने मोजणीला फिरणाऱ्यांना सावध करायला टिपून ठेवलेले.

"हे काय?"

"कुत्री चावतात ती ठिकाणं, साहेब," ती पुटपुटली. डिल्लीराम टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

मेयरसाहेबांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला. मग विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला आणि पोटरी तिच्यापुढे धरली.

"झुलत्या पुलापाशी एक राहिलाय बघ."